पंगतीला बसल्यासारखं: मिस्साची रोजची वाचनं घरात आणि धंद्यात कशी उतरवावीत

साताऱ्यात राहणाऱ्या कॅथॉलिकाला रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मिळते. रोजच्या मिस्साला जाणं मात्र सगळ्यांना जमत नाही. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सकाळी शटर वर करायच्या आधीच कोणीतरी जळालेली मोटार टेम्पोत घालून उभा असतो. एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्यांचं आणि कोरेगाव-रहिमतपूरकडे रानात राहणाऱ्यांचंही तेच. आमचा जिल्हा पुणे धर्मप्रांतात (बिशपांच्या विभागात) मोडतो आणि आपली कॅथॉलिक घरं विखुरलेली आहेत. मी कितीतरी वर्षं रविवारच्या प्रवचनावर आठवडा काढायचो, आणि सोमवारी दुपारपर्यंत ते मनातून गेलेलं असायचं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा म्हणाली, "मला नेऊ नकोस, पण आज चर्चमध्ये काय वाचलं तेवढं वाचून दाखव." त्या दिवसापासून आमच्या घरी हा नेम लागला. आई आता नाही, नेम राहिला. तो कसा चालवायचा, कुठे अडतं आणि वाचलेलं दिवसाच्या कामात कसं आणायचं, ते सविस्तर सांगतो.

आधी एक सवय सोडा

डोळे मिटून बायबल उघडायचं, पानावर बोट ठेवायचं आणि तेच आजचं वचन मानायचं, ही सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे. दुसरी सवय म्हणजे आवडती चार-पाच वचनं आलटूनपालटून वाचणं. मी दोन्ही केल्या आहेत. त्यात होतं काय, की शेवटी आपल्याला हवं तेच आपण ऐकतो.

पंगतीला बसल्यावर वाढपी वाढेल ते घ्यायचं असतं. कारल्याची भाजी आली म्हणून कोणी पान उचलून उठत नाही. रोजचं वाचन तसं घ्यावं. आज ख्रिस्तसभेने जे वाढलंय ते घ्यायचं. तोच उतारा आज वसईत, गोव्यात, रोममध्ये आणि आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यातही वाचला जातोय. साताऱ्यातल्या एका खोलीत एकटं बसून वाचलं, तरी आपण त्याच पंगतीत असतो. दूरदूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा आधार किती मोठा आहे, हे मला आईच्या खाटेशेजारी बसून कळलं.

आजचं वाचन कोणतं, हे कसं ओळखायचं

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. बायबलचं भांडार लोकांसाठी अधिक सढळपणे उघडावं, असं त्यात सांगितलं होतं. त्यातून वाचनांची नवी मांडणी झाली आणि १९६९ च्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांपासून, ती लागू झाली. आपण आज वाचतो ती हीच.

रविवारचं चक्र तीन वर्षांचं असतं. येशूचं जीवन सांगणारी चार पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं. त्यांतलं 'अ' वर्षात मुख्यतः मत्तय, 'ब' वर्षात मार्क, 'क' वर्षात लूक. चौथा योहान पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासूनच्या आठवड्यांत) भरपूर येतो, शिवाय 'ब' वर्षात भाकरीविषयीचा सहावा अध्याय सलग पाच रविवार चालतो. वर्ष ओळखायची खूण सोपी आहे. सालाला तीनने पूर्ण भाग गेला की ते 'क' वर्ष. २०२५ 'क' होतं, म्हणून २०२६ 'अ' आणि २०२७ 'ब'. एवढंच लक्षात ठेवा, की उपासनेचं वर्ष जानेवारीत लागत नाही. नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ते लागतं.

इतर दिवसांचं गणित वेगळं. सामान्यकाळात, म्हणजे अशा खास काळांबाहेरच्या आठवड्यांत, पहिलं वाचन (शुभवर्तमानाआधीचं) दोन वर्षांच्या चक्राने येतं, विषम साली एक आणि सम साली दुसरं. शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच असतं. पहिल्या ते नवव्या आठवड्यापर्यंत मार्क, दहाव्या ते एकविसाव्यापर्यंत मत्तय, बाविसाव्यापासून चौतिसाव्यापर्यंत लूक. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे रोजच्या नोंदींच्या वहीसाठी ती फार उपयोगी पडणार आहे.

चर्चच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे संदर्भ छापलेले असतात. मोबाइलवर इंग्रजीत तर ते सहज मिळतात. संदर्भ तिथून घ्या आणि मजकूर आपल्या मराठी बायबलमधून वाचा. 'यशया ५८:१-९अ' असं लिहिलं असेल तर अठ्ठावन्नावा अध्याय, पहिल्या वचनापासून नवव्याच्या पहिल्या अर्ध्यापर्यंत. नवशिक्याला हा 'अ' हमखास गोंधळात टाकतो.

बायबल कोणतं घ्यावं

हे आपल्या भागात मुद्दाम सांगावं लागतं. सातारा, सांगली, मिरज या पट्ट्यात प्रोटेस्टंट मिशनांचं काम जुनं आहे. नातेवाइकांच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरून मिळालेलं मराठी बायबल बहुधा ६६ पुस्तकांचं असतं. कॅथॉलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, ४६ जुन्या करारात आणि २७ नव्यात. टोबीत, युदिथ, मक्काबींची दोन पुस्तकं, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख ही सात त्या दुसऱ्या प्रतीत नसतात. विषम सालात सातव्या-आठव्या आठवड्यात सिराख येतो, नवव्यात टोबीत, आणि वर्ष संपता संपता ज्ञानग्रंथ व मक्काबी. त्या दिवशी पान सापडत नाही म्हणून नेम तुटतो. माझा पहिला नेम असाच टोबीतपाशी तुटला होता. म्हणून घेतानाच अनुक्रमणिका उघडून टोबीत आहे का ते पाहा.

स्तोत्रांच्या क्रमांकांतही कधी एकाचा फरक पडतो, कारण हिब्रू आणि ग्रीक परंपरेत मोजणी वेगळी आहे. मेंढपाळाचं स्तोत्र कुठे तेविसावं, कुठे बाविसावं दिसेल. क्रमांक जुळला नाही तर शेजारचं स्तोत्र पाहा. जुनी भाषा मुलांना जड जात असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' जवळ ठेवा.

वाचताना

वेळ एकच ठरवा. माझी वेळ चहा गॅसवर ठेवायच्या आधीची, आणि मोबाइल हातात घ्यायच्याही आधीची. पंधरा मिनिटं पुरतात. क्रूसाची खूण करा, पवित्र आत्म्याला एका वाक्यात हाक मारा आणि मोठ्याने वाचा. डोळ्यांनी वाचताना आपण ओळखीची वाक्यं गिळतो. कानावर पडली की ती थांबवतात.

क्रम असा ठेवा: आधी शुभवर्तमान एकदा, मग पहिलं वाचन आणि स्तोत्र, मग पुन्हा शुभवर्तमान, सावकाश. मिस्सातला क्रम वेगळा आहे हे मला माहीत आहे. पण घरी एकट्याने वाचताना दुसऱ्यांदा वाचलेलं शुभवर्तमानच दिवसभर टिकतं, असा माझा अनुभव आहे.

इथे बरेच जण एका गोष्टीवर उगाच शिणतात. रविवारी जुन्या करारातलं वाचन शुभवर्तमानाला जुळेल असं निवडलेलं असतं. सामान्यकाळातल्या इतर दिवशी मात्र दोन्ही वाचनं आपापल्या पुस्तकातून क्रमाने पुढे सरकत असतात, त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. म्हणून ओढूनताणून सांधा जुळवू नका. आगमनकाळात आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) ती पुन्हा जुळवलेली असतात, तेव्हा सांधा जरूर शोधा.

स्तोत्राचा प्रतिसाद पाठ करा. कडव्यामागून सगळे म्हणतात ती एकच ओळ असते. गाडी चालवताना, रांगेत उभं असताना ती म्हणता येते. चाल लावता आली तर उत्तमच. ना. वा. टिळक १९१७ साली साताऱ्यात येऊन राहिले. ते आपल्या मंडळीतले नव्हते, पण येशूला अभंगात आळवायची वाट त्यांनी आपल्या सगळ्यांना दाखवली. आईला शेवटी शेवटी आमची नावं आठवत नसत. तरी मी स्तोत्राचं कडवं म्हटलं की प्रतिसाद ती बरोबर द्यायची.

एक ओळ, एक माणूस, एक वेळ

बाराव्या शतकात गिगो नावाच्या एका कार्थुसियन संन्याशाने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर शांत बसणं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० साली त्याला जोडून लिहिलं, की वाचन कृतीपर्यंत पोहोचेपर्यंत ते पूर्ण होत नाही. आपली बहुतेकांची गाडी तिसऱ्या पायरीवर थांबते. प्रार्थना होते, बरं वाटतं, आणि दुकान नेहमीसारखं चालू राहतं.

म्हणून मननाच्या वेळी एकच प्रश्न विचारा: या प्रसंगात आज माझी जागा कुठली? मग एक कृती लिहा. तिच्यात माणूस ठरलेला हवा, वेळ ठरलेली हवी आणि रात्रीच्या आत ती होण्यासारखी हवी. 'आज सगळ्यांशी प्रेमाने वागेन' हे लिहू नका, ते कधीच घडत नाही. 'अकरा वाजता भावाला फोन, जमिनीचा विषय न काढता' हे घडतं.

माझीच दोन-तीन उदाहरणं देतो.

सामान्यकाळातल्या दहाव्या आठवड्याचा शनिवार जूनच्या सुमारास येतो. शुभवर्तमान मत्तय ५:३३-३७. शपथ घेऊ नका, तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही, असं प्रभू सांगतो. पाऊस लांबलेला, विहिरीवरच्या मोटारी धडाधड जळत होत्या आणि दुकानात पंधरा-वीस पडून होत्या. आमच्या धंद्यात 'उद्या या' हा नमस्कारासारखा शब्द आहे. आज कॉइल भरली तरी वार्निश लावून भट्टीत सुकवायला वेळ जातो. उद्या मोटार मिळणार नाही हे बोलतानाच मला ठाऊक असतं. पण गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून मी ते म्हणतो. लांबच्या गावाहून माणूस एसटीने येतो, रिकाम्या हाताने जातो, आणि तिकडे त्याचं पीक वाळतं. त्या सकाळी मी लिहिलं: 'आज प्रत्येकाला खरी तारीख.' चार जणांना "मंगळवारी" म्हणून सांगितलं. दोघे मोटार उचलून घेऊन गेले. नुकसान झालं आणि ते मला लागलंही. पण शपथ घेऊ नका हे वचन मी आयुष्यभर कोर्टातल्या साक्षीबद्दल समजत होतो. ते माझ्या गल्ल्यावर बसलेलं होतं, हे त्या दिवशी दिसलं.

दुसरं उदाहरण उधारीचं. एकोणिसाव्या आठवड्याच्या गुरुवारी, आणि प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या मंगळवारीही, मत्तयच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकर भेटतो. राजाने त्याचं सगळं कर्ज माफ केलं, तरी तो आपल्या सोबत्याला येण्यासाठी सोडत नाही. रकमा नीट पाहा, कारण त्यांच्यातच गोष्टीचा जीव आहे. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. सोबतीकडून येणं होतं शंभर दिनार, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त मजुरी. ती लहान रक्कम नाही. दुसऱ्याने आपल्याला केलेलं नुकसान प्रभू क्षुल्लक म्हणत नाही. मात्र एक तालांत सुमारे सहा हजार दिनारांचा, आणि चाकराला माफ झाले होते दहा हजार तालांत. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, जी कोणत्याही जन्मात फिटणार नाही.

उधारीची वही फाडून टाका असा याचा अर्थ मी घेत नाही. माझ्याही घरात माणसं आहेत, कामगाराचा पगार आहे. माझी नजर त्या चाकराने सोबत्याचा गळा धरला तिथे अडकली. माण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला मी आठवडे बाजारात, त्याच्या मुलासमोर, चढ्या आवाजात पैसे मागितले होते. त्या गुरुवारी दुकान लवकर बंद करून त्याच्या घरी गेलो. कांद्याचे पैसे आल्यावर द्या म्हणालो, आणि मुलासमोर बोललो त्याची माफी मुलासमोरच मागितली. सगळे पैसे अजून आलेले नाहीत.

तिसरं मजुरीचं. विसाव्या आठवड्याच्या बुधवारी द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला येतो, मत्तय २०:१-१६. तासगावकडे ज्यांच्या बागा आहेत त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. शेवटच्या तासाला घेतलेल्या मजुरालाही मालक पूर्ण दिनार देतो. आपल्याला वाईट वाटतं, कारण आपण स्वतःला पहाटे आलेल्यांत धरतो. एकदा संध्याकाळी पाच वाजता नाक्यावर उभे राहिलेल्यांत स्वतःला ठेवून वाचा. याकोबाच्या पत्रातलं ५:१-६ याच्याच शेजारी ठेवावं. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानी जातो, असं तिथे आहे. ऊसतोडीच्या दिवसांत फडाशेजारून जाताना हे वाक्य मला नेहमी ऐकू येतं. तुमच्याकडे कामाला कोणी असेल, घरची धुणीभांडी करणारी बाई असली तरी, त्या दिवसाची कृती ठरलेली आहे: राहिलेले पैसे आज संध्याकाळपर्यंत द्या.

वाचन कोरडं वाटलं तर

१७ डिसेंबरला मत्तयची पहिली सतरा वचनं येतात. नुसती नावं. पूर्वी मी ती भरभर उरकायचो. मग लहानपणी गावात येणारा हेळवी आठवला. बैल घेऊन यायचा, चोपडी उघडून घराण्याच्या पिढ्या वाचायचा, आणि आजोबा कान देऊन ऐकायचे. मत्तय तेच करतो आहे. मात्र त्याच्या यादीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको येते, म्हणजे घराणी सहसा लपवतात त्या गोष्टी. त्या दिवशी मी घरच्यांसोबत आमच्याच घराण्यात ज्यांचं नाव कोणी काढत नाही अशा एका आत्याचं नाव घेऊन प्रार्थना केली. कोरडा उतारा आला की तो टाकू नका, त्यात आपल्या ओळखीचं काय आहे ते शोधा.

अवघड उतारा वेगळा. आईबापांचा द्वेष करण्याविषयीचं लूक १४:२६, किंवा शत्रूचा सूड मागणारी स्तोत्रं. एका वचनावरून मोठा निर्णय घेऊ नका, औषध बंद करणं, नातं तोडणं तर मुळीच नाही. शास्त्राचा एक भाग साऱ्या शास्त्राच्या संदर्भात आणि ख्रिस्तसभेच्या सोबत वाचायचा, ही आपली रीत आहे. वहीत प्रश्नचिन्ह काढा आणि रविवारी मिस्सानंतर फादरांना विचारा. फादरांना असे प्रश्न आवडतात, विचारणारे कमी असतात.

आणखी एक कळकळीने सांगतो. आजचं वचन दुसऱ्याला मारायची काठी नाही. बाराव्या आठवड्याच्या सोमवारी डोळ्यातल्या मुसळाचा उतारा येतो. तो वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा मेहुणा आला होता. असं झालं की ओळखा, वाचन अजून पूर्ण झालेलं नाही.

वही

दोनशे पानी साधी वही घ्या. तारखेप्रमाणे लिहू नका, उपासनेच्या आठवड्याप्रमाणे पानं पाडा: 'सामान्यकाळ, आठवडा १०, शनिवार'. शुभवर्तमान दरवर्षी त्याच दिवशी परत येतं, म्हणून पुढच्या वर्षी त्याच पानावर पुढची ओळ लिहायची. एखाद्या वर्षी सण मध्ये आला किंवा तो आठवडा गळाला, तर ती जागा कोरी राहू द्या. सकाळी एक ओळ, कृती. रात्री एक ओळ, झालं की नाही. कारणं लिहू नका.

रात्रीचा आढावा पाच मिनिटांचा. संत इग्नाती लोयोला यांनी शिकवलेली पद्धत चांगली आहे. आधी दिवसभरात काय मिळालं त्याबद्दल आभार, मग कुठे चुकलं ते पाहणं, मग क्षमा मागणं, मग उद्याची एक गोष्ट. आभार आधी, हे विसरू नका. चुकीपासून सुरुवात केली की माणूस दोन आठवड्यांत वही बंद करतो. पापनिवेदनाला जाताना हीच वही चाळा. 'रागावलो, खोटं बोललो' एवढंच सांगण्याऐवजी कोणाशी, कितीदा आणि कशासाठी, हे समोर असतं.

घरातल्यांसोबत

रोज सगळ्यांना बसवायचा हट्ट मी सोडला. मुलं शाळेच्या घाईत असतात. शनिवारी रात्री जेवणं झाली की दुसऱ्या दिवसाचं शुभवर्तमान आम्ही एकत्र वाचतो. एक जण निवेदन, एक जण येशू, बाकीचे लोक. नंतर प्रत्येकाने आपल्याला अडवणारा एक शब्द सांगायचा, स्पष्टीकरण नाही. रविवारी तेच मिस्साला कानावर पडलं की मुलं माना वर करतात.

प्रायश्चित्तकाळात एक भर घाला. भस्म बुधवारनंतरच्या (या काळाच्या पहिल्या दिवसानंतरच्या) शुक्रवारी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय येतो. अन्यायाच्या बेड्या तोडणं आणि भुकेल्यासोबत आपली भाकरी वाटून खाणं हाच खरा उपवास, असं देव सांगतो. त्या रात्री घरात ठरवा, की उपवासातून वाचलेलं कोणाच्या ताटात जाणार. घराचं नाव ठरवा आणि पुढचे सगळे शुक्रवार तिथे डबा द्या. डबा पोरांच्या हातून पाठवा.

नेम तुटला तर

तुटतोच. लग्नसराई, आजारपण, जत्रा, हंगाम. आठ दिवस राहिले म्हणून नवव्या दिवशी नऊ दिवसांचं वाचायला बसू नका. मी तसं केलं आहे आणि दहाव्या दिवशी पुन्हा सोडून दिलं आहे. राहिलेली पानं कोरीच ठेवा, ती पुढच्या वर्षी भरतील. आज कोणता आठवडा, कोणता वार, एवढं कॅलेंडरवर पाहा आणि तिथूनच मोठ्याने वाचायला लागा.